मुंबईची चांदी, पाच किलोमीटर खोल



आजचा एपिसोड ऐकायला सगळ्यात भारी जागा म्हणजे हार्बर लाइन. शिवडीला चढा, सीएसएमटीची गाडी पकडा आणि जमलं तर डाव्या हाताची खिडकी गाठा. कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मस्जिद. या सगळ्या स्टेशनांच्या त्या बाजूला मुंबईचं बंदर पसरलेलं आहे. मध्ये गोदामं, भिंती, ट्रकच्या रांगा. त्यामुळे रोज तिथून जाणाऱ्यालाही समुद्र आपल्या एवढ्या जवळ आहे हे जाणवत नाही.

शिवडी म्हटलं की हल्ली फ्लेमिंगो आठवतात आणि अटल सेतू. पण टेकडीवरचा शिवडीचा किल्ला बघितलाय का? इंग्रजांनी तो १६८० मध्ये बांधला, तो खाडीवर आणि बंदरावर नजर ठेवायला. समुद्रातून कोण येतंय, काय घेऊन येतंय, ही काळजी या शहराला तेव्हापासून आहे. आपण आज बघणार आहोत ते उलट: या बंदरातून काय बाहेर गेलं. आणि त्यातलं एक गेलेलं सामान सत्तर वर्षांनी समुद्राच्या तळातून कसं वर आलं.

विषय आहे बुडालेल्या जहाजांतली नाणी. नाव ऐकलं की डोळ्यांसमोर चाचे, लाकडी पेटारे आणि स्पॅनिश सोनं येतं. पण जगातली सगळ्यात खोल पाण्यातून काढलेली नाणी मुंबईहून निघालेल्या जहाजावरची आहेत. आणि ती होती आपल्या आजी-पणजीच्या हातातली, चांदीची, साधी रुपयाची नाणी.

कलदार म्हणजे काय?

आधी त्या रुपयाची ओळख करून घेऊ. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या ताब्यातल्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, एक भाग तांबं वगैरे. त्याआधी गावोगावी वेगवेगळे रुपये चालायचे आणि प्रत्येक सराफ ते वाजवून, तोलून, वटाव कापून घ्यायचा. यंत्रावर पाडलेला हा नवा रुपया सगळीकडे सारखा. म्हणून त्याला नाव पडलं कलदार, कळीचा, यंत्राचा. पुढे व्हिक्टोरियाचं चित्र आलं आणि तो राणीछाप झाला.

हा रुपया मुंबईत पडायचा तो फोर्टातल्या टांकसाळीत. सीएसएमटीला उतरून चालत दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही तिथे पोचता. १८२० च्या दशकात ती बांधली तेव्हा तिची वाफेची यंत्रं इंग्लंडमधल्या बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्यातून आली. हे बोल्टन लक्षात ठेवा, पुढे परत भेटणार आहेत.

शंभर वर्षं हा रुपया लोकांच्या हाडीमाशी मुरला. 'बंदा रुपया' म्हणजे न मोडलेला, अस्सल माणूस. 'नाणं खणखणीत आहे' हेही आपण माणसाबद्दलच म्हणतो. लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवायचा तो हाच रुपया. बायकांच्या गळ्यातल्या माळेत ओवलेला तोही हाच. बँक नसलेल्या गावात हेच सेव्हिंग अकाउंट होतं, कारण कागद भिजतो, जळतो, पण चांदी अडीअडचणीला सोनाराकडे नेता येते.

रुपया परत मागवला जातो

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४० मध्ये युरोपात फ्रान्स पडला आणि इकडे लोकांचा नोटांवरचा भरवसा उडाला. जो तो नोट देऊन चांदीचा रुपया मागायला लागला. सरकारने दोन गोष्टी केल्या. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवला आणि एक रुपयाची नोट काढली. शिवाय रुपयातली चांदीच कमी केली. नव्या रुपयात निम्मी चांदी आणि बाकी तांबं, निकेल, जस्त.

आता जुना जास्त चांदीचा रुपया लोकांकडे राहून चालणार नव्हतं. त्यामुळे तो टप्प्याटप्प्याने चलनातून बाद केला गेला. आधी १९४१ मध्ये व्हिक्टोरियाचा, १९४२ मध्ये सातव्या एडवर्डचा, १९४३ मध्ये पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचा. ठरलेल्या तारखेच्या आत रुपया जमा करायचा आणि बदल्यात नोट किंवा निम्म्या चांदीचं नवं नाणं घ्यायचं. दर्शनी किंमत तीच, म्हणजे हिशेबात कोणी कोणाचं एक पैचंही देणं लागत नाही. पण हातात काय राहिलं बघा. तोळाभर चांदी गेली आणि कागद आला.

ज्यांनी सरकारचं ऐकलं नाही आणि रुपये चुलीमागे, कणगीत, देव्हाऱ्यात दडवले, त्यांच्यामुळे आज आपल्या घरात राणीछाप रुपया दिसतो. जमा झालेल्यांपैकी बराच माल मुशीत गेला. आणि काही लंडनच्या वाटेला लागला.

सिटी ऑफ कैरो

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ ऑक्टोबरला, मुंबई बंदरातून 'सिटी ऑफ कैरो' नावाची आगबोट निघाली. एलरमन लाइन्सची, १९१५ साली बांधलेली, तेव्हाच बऱ्यापैकी म्हातारी झालेली बोट. प्रवासी होते, माल होता आणि साधारण दोन हजार पेट्या चांदीची नाणी होती. वजन सुमारे १०० टन. मालक: ब्रिटिश सरकारचा खजिना. युद्धाच्या खर्चासाठी लंडनने ती मागवली होती.

जरा हिशेब करा. शंभर टन आणि एक रुपया ११.६६ ग्रॅम. सगळे रुपयेच धरले तर ऐंशी लाखांच्या वर नाणी होतात.

बोट डर्बन, केपटाउन करत अटलांटिकमध्ये शिरली. तिथून ब्राझीलकडे जाऊन मग इंग्लंड गाठायचं होतं. ६ नोव्हेंबरच्या रात्री, सेंट हेलेना बेटाच्या बऱ्याच दक्षिणेला, यू-६८ या जर्मन पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. लोक होड्यांत उतरत असताना दुसरा टॉर्पेडो आला. बोट गेली. मग पाणबुडी वर आली आणि तिचा कप्तान कार्ल-फ्रीडरिश मेर्टेन याने होड्यांमधल्या लोकांना जवळची जमीन कुठल्या दिशेला आहे ते सांगितलं, बोट बुडवल्याबद्दल सॉरी म्हटलं, गुड नाइट म्हटलं आणि निघून गेला. इंग्रजीत या बोटीची गोष्ट आजही त्या एका वाक्यासाठी सांगितली जाते.

पण वाक्य संपल्यावर काय झालं? जवळची जमीन म्हणजे शेकडो मैल दूर. उघड्या होड्या, मोजून मापून पाणी, वर ऊन. काही होड्या दोन आठवड्यांच्या आत दुसऱ्या जहाजांना दिसल्या. एक होडी तब्बल ५१ दिवसांनी ब्राझीलच्या नौदलाला सापडली, तेव्हा तिच्यात दोनच माणसं जिवंत होती. बोटीवर ३११ माणसं होती. त्यातली १०४ गेली. आणि या १०४ मध्ये ७९ जण बोटीवरचे कर्मचारी होते.

हा ७९ चा आकडा जरा थांबून ऐका. त्या काळी मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजी बोटींवर डेक घासणारा, भट्टीत कोळसा टाकणारा, जेवण वाढणारा हिंदी खलाशी असायचा. इंग्रज त्याला लास्कर म्हणायचे. रत्नागिरीकडचे दर्यावर्दी, गोव्याचे कारभारी, सिल्हेटचे आगवाले, अशी पिढ्यानपिढ्यांची वाटणी होती. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी. 'सिटी ऑफ कैरो'च्या होड्यांतही असे खलाशी मोठ्या संख्येने होते.

५१५० मीटर

बोट जिथे बुडाली तिथे समुद्र ५१५० मीटर खोल आहे. 'टायटॅनिक' आहे ३८०० मीटरवर. म्हणजे त्याहून सव्वा किलोमीटरपेक्षा जास्त खाली. त्यामुळे सगळ्यांनी ही चांदी गेली असंच धरलं होतं.

२०११ मध्ये 'डीप ओशन सर्च' या कंपनीने ब्रिटिश सरकारशी करार केला आणि शोध सुरू केला. आवाजाच्या लहरी सोडून तळाचा नकाशा काढणारी सोनार यंत्रं, केबलवर सोडलेले रोबो. एवढ्या खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाच्या पाचशेपट, काळोख ठार आणि एखादं यंत्र बिघडलं की ते वर ओढायलाच कित्येक तास. शेवटी गाळात रुतलेली, दोन तुकडे झालेली बोट सापडली. २०१३ पर्यंत कित्येक टन नाणी वर आली. किंमत भरली साधारण ३ कोटी ४० लाख पौंड. एवढ्या खोलातून माल वर काढण्याचा हा विक्रम होता. गोष्ट जगाला कळली ती २०१५ मध्ये, सरकारने गुप्तता उठवल्यावर.

आता आजच्या एपिसोडचा मुद्दा. सत्तर वर्षं समुद्राखाली राहून वर आलेल्या या रुपयांचं केलं काय? वितळवले. इंग्लंडला नेले, मुशीत घातले, चांदी बाजारात विकली. आलेल्या पैशातला एक वाटा कंपनीला, बाकी ब्रिटिश खजिन्याला.

म्हणजे १९४२ मध्ये जे मुशीत जाणार होतं ते २०१३ मध्ये गेलं. मधली सत्तर वर्षं, १०४ माणसं, ती ५१ दिवसांची होडी, यातलं काहीच तराजूत चढलं नाही. शिवडीहून दोन स्टेशनांवर, रे रोडजवळच्या दारूखान्यात जुनी जहाजं तोडतात. तिथे असाच हिशेब चालतो: बोट कुठून आली हे कोणी विचारत नाही, लोखंड किती निघालं ते विचारतात. भंगारवाल्याने तसं करणं ठीक आहे, त्याचा धंदाच तो. खजिन्यानेही तेच केलं.

मग नाणी कोणाची?

याच्या उलट एक उदाहरण बघू. १८०४ मध्ये 'मेर्सेदेस' नावाचं स्पॅनिश लढाऊ जहाज इंग्रजांनी पोर्तुगालजवळ बुडवलं. २००७ मध्ये 'ओडिसी मरीन' या अमेरिकन कंपनीने त्यातून सुमारे सहा लाख नाणी काढली आणि विमानाने अमेरिकेला नेली. स्पेन कोर्टात गेलं. म्हणालं, हे आमच्या नौदलाचं जहाज आहे आणि त्यावरची माणसं तिथेच गाडली गेली आहेत. अमेरिकन कोर्टाने ते मानलं. २०१२ मध्ये सगळी नाणी स्पेनला परत गेली आणि आज ती संग्रहालयात आहेत.

ऐकायला छान वाटतं ना? पण थांबा. त्यातली बरीच नाणी पाडली होती पेरूमध्ये, लिमाच्या टांकसाळीत, तिथल्या खाणींच्या चांदीतून. पेरूनेही दावा केला होता. तो टिकला नाही.

लिमाची चांदी स्पेनची ठरली, मुंबईची चांदी इंग्लंडची. कायदा बघतो की जहाज बुडालं त्या दिवशी कागदावर मालक कोण होता. खाणीत कोण उतरलं, चुलीमागचा डबा कोणी रिकामा केला, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. आपण मात्र तो विचारू शकतो.

अशीच एक बोट होती 'गेरसप्पा'. मराठी माणूस ज्याला गिरसप्पाचा धबधबा म्हणतो त्याच्यावरून हे नाव. १९४१ मध्ये ती कलकत्त्याची चांदी घेऊन जाताना बुडाली आणि एकच माणूस वाचला. २०१२-१३ मध्ये ४७०० मीटरवरून तिच्यातल्या २७९२ चांदीच्या विटा काढल्या. पण त्याच बोटीत शेकडो पत्रंही सापडली, घरी लिहिलेली, कधीच न पोचलेली. ती मात्र जपली गेली आणि लंडनच्या टपाल संग्रहालयात लोकांना दाखवली. पत्राला वजनाचा भाव नसतो, एवढंच त्याचं नशीब.

सोन्याचा पाऊस

मुंबईतून चांदी बाहेर जात होती तेव्हा सोनं आत येत होतं. लढाईमुळे महागाई भडकली होती आणि लोकांच्या हातातल्या नोटा काढून घ्यायला सरकार बाजारात सोनं विकत होतं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. पोटात जवळपास चौदाशे टन स्फोटकं, कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गासड्या आणि ३१ पेट्यांत १२४ सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली. चारनंतर अर्ध्या तासात दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात.

सोन्याच्या विटा हवेत उडाल्या. एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छत फोडून पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. पुढे १९७० च्या दशकापर्यंत बंदराचा गाळ उपसताना मधूनच सोनं सापडायचं. 

तुम्हाला गोळा करायची असतील तर

आता कामाचं बोलू. बुडालेल्या जहाजातलं नाणं आपल्या हातात येऊ शकतं का? येऊ शकतं, आणि त्यासाठी करोडपती असायची गरज नाही.

जानेवारी १८०९ मध्ये 'ॲडमिरल गार्डनर' हे कंपनीचं जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यावरच, गुडविन सँड्स नावाच्या वाळूत फुटलं. त्यात मद्रासला निघालेली तांब्याची नाणी होती, दहा आणि वीस काशाची. त्यावर १८०८ साल, एका बाजूला कंपनीचं सिंहाचं चिन्ह, दुसरीकडे फारसी मजकूर. पाडली होती बोल्टनच्या कारखान्यात, त्याच, ज्याने पुढे मुंबईच्या टांकसाळीला यंत्रं दिली. १९८० च्या दशकात ही नाणी लाखांनी वर आली. लाकडी पिंपांत गच्च बसलेली असल्यामुळे आतली बरीचशी चांगल्या स्थितीत होती. संख्या मोठी म्हणून भावही आवाक्यात. भारतासाठी निघालेलं आणि दीडशेहून जास्त वर्षं उशिरा बाहेर पडलेलं नाणं. सुरुवात करायला याहून चांगलं काय?

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा.

एक: कागद. जहाजाचं नाव लावलं की नाण्याचा भाव चढतो, म्हणून नाव लावणारे भरपूर. कोणत्या मोहिमेत निघालं, कोणी विकलं, साखळी दाखवता आली पाहिजे. कोणी 'सिटी ऑफ कैरोचा रुपया' म्हणून दाखवला तर आधी आठवा की तो माल वितळवला गेलाय. मग शांतपणे विचारा, पुरावा दाखवा.

दोन: अंग. खाऱ्या पाण्यात चांदी काळी पडते, खडबडीत होते, वजन घटतं, कधी नाणी एकमेकांना चिकटून गठ्ठाच होतो. समुद्रातून आलेला चकचकीत, पूर्ण ११.६६ ग्रॅमचा रुपया दिसला तर जरा थबका. आणि साधा, घरातला चांदीचा रुपया तपासायचा असेल तर तराजू, लोहचुंबक आणि भिंग पुरतं. चुंबकाला चिकटला तर खोटा. कडेला ओतकामाची रेघ किंवा अंगावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले तरी खोटा.

तीन: कधीही घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काही नाही. काळेपणा गेला की नाण्याचं वयही गेलं.

चार: कायदा. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. बुडालेल्या जहाजातलं काही किनाऱ्यावर मिळालं तर त्यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी असतो, 'रिसीव्हर ऑफ रेक'. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं तुम्हाला खासगीत देशाबाहेर पाठवता येत नाही. ऑनलाइन ग्रुपवर परदेशातल्या कोणी चांगला भाव दिला तरी नाही.

मस्जिद स्टेशन

गाडी आता मस्जिदला आली असेल. इथून जवळ, पी. डिमेलो रोडच्या बाजूला इंडियन सेलर्स होम आहे, खलाशांसाठी बांधलेलं. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांची कबरच नाही अशा सहा हजारांहून जास्त हिंदी नौसैनिकांची आणि खलाशांची नावं असलेली नोंदवही इथल्या स्मारकाची. तिचीच दुसरी प्रत बांगलादेशात चितगावला. मुंबईचे कितीतरी लोक रोज त्या वास्तूवरून जातात आणि आत काय आहे हे त्यांना माहीत नसतं.

'सिटी ऑफ कैरो'मधली चांदी शोधायला पैसा, यंत्रं, करार सगळं मिळालं. त्या बोटीवरच्या खलाशांच्या घरी काय कळवलं गेलं, कोणत्या गावात कोण वाट बघत राहिलं, हे शोधायला कोणी मोहीम काढली नाही. कोकणातल्या काही घरांत अजून 'आमचे आजोबा बोटीवर होते, परत आले नाहीत' एवढं एकच वाक्य उरलेलं असतं. तुमच्या घरात असेल तर जहाजाचं नाव विचारून ठेवा.

आणि एक होमवर्क. देव्हाऱ्यातला किंवा कपाटातला चांदीचा रुपया बाहेर काढा. सन वाचा, राजा कोण ते बघा. मग आजीला, काकूला, घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा की हा आपल्याकडे आला कसा. कोणाच्या लग्नात मिळाला? कोणी लपवून ठेवला? जे सांगतील ते तारखेसकट एका कागदावर लिहा आणि त्या रुपयाबरोबर डबीत ठेवा. कागद नसला तर पुढच्या पिढीतलं कोणीतरी तो सोनाराच्या काट्यावर ठेवेल, अकरा ग्रॅमचे पैसे घेईल आणि निघून जाईल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या आणि हो, सीएसएमटी आलं, उतरा!